न मागता येणारा चहा

आवडत्या हॉटेलची माझी व्याख्या मी बाबांकडून उचलली आहे. पदार्थ चांगले असणं ही त्यातली शेवटची अट. पहिली अट अशी की आपण जाऊन बसलं की तोंडातून शब्द न काढता हवं ते समोर आलं पाहिजे. जिथे मागावं लागतं तिथे आपण गिऱ्हाईक. जिथे मागावं लागत नाही तिथे आपण, बाबांच्या भाषेत, 'पर्मनंट'. बाबांनी कंपनीत सात वर्षं टेंपररी म्हणून काढली होती, त्यामुळे या शब्दाचं मोल त्यांना नीट माहीत आहे.

डोंबिवलीत ते पर्मनंट होते. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांची पहिली पाळी तीनला सुटायची. तिथेच अंघोळ करून, कपडे बदलून चौघे मित्र चार वाजता एका छोट्या हॉटेलात मागच्या टेबलावर येऊन बसायचे. बाबांना चहा ग्लासात, कपात नाही, साखर अर्धी, बरोबर दोन खारी. बाकी तिघांचं आपापलं वेगळं. मालक स्वतः ट्रे घेऊन यायचे आणि कुणापुढे काय ठेवायचं यात त्यांची कधी चूक झाली नाही. एकदा चौघांपैकी एकाच्या तोंडून सहज 'एक चहा द्या' असं निघून गेलं, तर मालक दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत. आपलं काही चुकलं म्हणूनच याला मागावं लागलं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

मी शाळेत असताना कधीकधी बाबांबरोबर जायचे. मला बटाटेवडा यायचा, चटणी वेगळ्या बशीत, कारण वड्याला चिकटलेली चटणी मला चालायची नाही. हे मालकांना कुणी सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. आई गेली तेव्हा बाबा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. दहा-बारा दिवसांनी ते पुन्हा हॉटेलात जाऊन बसले, तर चहाबरोबर खारीऐवजी उपम्याची बशी आली. घरी आता दुपारचं धड जेवण होत नसणार हे मालकांनी ओळखलं होतं. बाबांनी तो उपमा मुकाट्याने खाल्ला आणि घरी येऊन मला फोन केला. आई गेल्यावर बाबा माझ्याशी फोनवर रडले ते त्या उपम्याच्या दिवशी.

त्या हॉटेलात दरवर्षी बुद्धपौर्णिमेला आमच्या घरून खिरीची किटली जाते. आई करायची, तिच्यानंतर बाबा स्वतः करतात. दूध खाली लागू न देता ढवळायचं काम माझं असतं आणि त्यातही सूचना फार असतात.

मागच्या वर्षी आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नवी उभी राहायला तीन वर्षं लागणार होती. बाबांचं वय चौऱ्याहत्तर. त्याआधीच्या थंडीत त्यांना न्हाणीघरात चक्कर आली होती आणि शेजारच्या काकू चावी घेऊन येईपर्यंत ते तासभर तिथेच बसून होते. त्यामुळे मी ठरवून टाकलं की ते माझ्याकडे, घोडबंदर रोडला येणार. माझा नवरा नोकरीसाठी बंगळुरूला असतो, मुलगी तिथेच शिकते. सतराव्या मजल्यावरच्या घरात मी एकटी. बाबा आले तर माझीही सोय होती, हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करते.

बाबा एक बॅग घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी अट घातली. बुद्धपौर्णिमेपर्यंत राहून बघणार. जमलं तर ठीक, नाहीतर डोंबिवली पश्चिमेला मित्राने एक तळमजल्याची खोली बघून ठेवली आहे, तिथे जाणार. चौघांपैकी आता बाबा आणि हा मित्र असे दोघेच डोंबिवलीत उरले होते. मी म्हटलं, न्हाणीघरात पुन्हा चक्कर आली तर कोण बघेल? ते म्हणाले, "चार वाजता मी टेबलावर दिसलो नाही, तर सव्वाचारला मालक शोधत येतील. इथे कोण येईल?"

मी ठाण्याच्या कोर्टात नोकरी करते. दिवसभर उलटतपासण्या ऐकते. पण इतका नेमका प्रश्न तिथे कुठल्या वकिलानेही विचारला नव्हता. नऊ वर्षं त्या बिल्डिंगमध्ये राहून मला न मागता काही आणून देईल अशी एकही जागा मला माहीत नव्हती. कोर्टाच्या मागच्या टपरीवर मी रोज चहा पिते, पण उभ्याने, आणि रोज 'बिनसाखरेचा' असं ओरडून सांगते. तरी चार दिवसांतून एकदा गोड येतोच.

पौर्णिमेला दोन महिने होते. बाबांसाठी जागा शोधायची असं मी मनावर घेतलं.

पहिला प्रयोग आमच्याच कॉम्प्लेक्सच्या खालच्या कॅफेचा. मी ऑफिसला जाताना त्यांना सांगून गेले की चार वाजता खाली जा, गार आहे, खुर्च्या मऊ आहेत. संध्याकाळी विचारलं, कसं होतं? ते म्हणाले, माणसं चांगली आहेत, पण चहा नसतो. मला आश्चर्य वाटलं. खोदून विचारल्यावर कळलं की ते खिडकीजवळ चाळीस मिनिटं बसले होते, कुणी काही आणून दिलं नाही, म्हणून उठून आले. काउंटरवर जाऊन मागायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पस्तीस वर्षांत त्यांनी हॉटेलात चहा मागितलेला नव्हता, त्यांची ती सवयच मोडली होती.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून बरोबर गेले. काउंटरवरच्या मुलीने कपावर लिहायला नाव विचारलं. बाबांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं सांगितलं आणि ती लिहीत नाही असं बघून पुन्हा एकदा सावकाश सांगितलं. कंपनीतला टोकन नंबर तेवढा सांगायचा राहिला. कॉफी आली ती कागदी कपात. बाबांनी झाकण उघडून आत बघितलं आणि आजारी माणसाला विचारावं तशा आवाजात मला विचारलं, की हे सगळं आपल्यालाच प्यायचं आहे का.

मग मी त्यांना रविवारी ठाण्यात मिसळ खायला नेलं. माझ्या अत्यंत आवडीची जागा. तर्रीचा वास रस्त्यापर्यंत येतो आणि तो आला की मला आठवड्याची सगळी भांडणं माफ करावीशी वाटतात. पण तिथे रविवारी नंबर लागतो, आणि आपण खात असताना पुढचं कुटुंब आपल्या खुर्चीमागे उभं राहून आपले घास मोजतं. मला त्याची सवय आहे, मी मान खाली घालून दुसरा पाव मागवते. बाबांना ते जमेना. चार घास झाले आणि मागच्या आजोबांना त्यांनी आपली खुर्ची दिली. मग त्यांच्या बायकोसाठी मला उठवलं. उरलेली मिसळ आम्ही दोघांनी दाराशी उभं राहून खाल्ली आणि बाबा त्या आजोबांना दारातूनच हात करून 'शेव मागून घ्या' असं खुणावत होते. चवीला दहापैकी दहा, असं त्यांनी येताना बसमध्ये सांगितलं. पण बसायला जागा नाही तिथे माणूस दुसऱ्यांदा कशाला जाईल, असंही सांगितलं.

तिसरा प्रयोग मॉलच्या फूड कोर्टाचा होता, आणि त्याची गोष्ट मी ऑफिसात इतक्या वेळा सांगितली आहे की आता मला बघितलं की लोक ती मलाच सांगतात. तिथे ऑर्डर दिली की हातात एक चपटं यंत्र देतात. आपलं खाणं तयार झालं की ते थरथरतं आणि त्यात लाल दिवे लागतात. मी ते यंत्र बाबांसमोर ठेवलं आणि हात धुवायला गेले. परत येते तर बाबा उभे. यंत्र टेबलावर गरगर फिरतंय, लाल दिवे उघडझाप करतायत, आणि बाबांनी खिशातून रुमाल काढून वर धरलाय. माझा दंड पकडून ते मला बाहेर नेऊ लागले. कुठे, म्हटलं, तर म्हणाले, "वाऱ्याला आडवं चालायचं. बोलू नकोस, नाकाला पदर लाव." मी जीन्स घातली होती.

केमिकलच्या कारखान्यात लाल दिवा लागला की आधी वारा कुठून येतो ते बघायचं आणि त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. एसीची हवा कुठून येते ते रुमालाने बघून त्यांनी दिशाही बरोबर काढली होती. शेजारच्या टेबलावरची दोन माणसं तर आमच्या मागे चालूही लागली. मी हसून हसून तिथेच खाली बसले. बाबा आधी रागावले, मग तेही हसले. पण घरी आल्यावर बाल्कनीत उभं राहून ते म्हणाले की आपण आता सगळीकडे माणसांची पळापळ करतो, हे काही बरं नाही. मला फार वाईट वाटलं. फूड कोर्टात नेण्याची अक्कल माझी होती, आणि ओशाळले होते ते.

त्यानंतर मी प्रयोग थांबवले. बाबाही काही मागत नव्हते. चारला मी ऑफिसातून फोन करायचे तेव्हा ते 'टीव्ही बघतोय' म्हणायचे, आणि मागे टीव्हीचा आवाज नसायचा. मला कळत होतं की ते पौर्णिमेचे दिवस मोजतायत. मीही मोजत होते.

मग पौर्णिमेला महिना राहिला असताना बाबा चार वाजता फोन उचलेनासे झाले. विचारलं तर म्हणायचे, चालायला गेलो होतो. वॉचमनने सांगितलं, साडेतीनला निघतात, खाडीकडच्या रस्त्याने जातात, सहाच्या सुमारास येतात. उन्हाळ्यात साडेतीनला कोणता माणूस चालायला जातो? मी घरी येऊन पुरावे बघायला लागले. चपलांना चिखल. शर्टाला सुक्या मासळीचा वास. एकदा खिशात नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा. यातून मी असा निष्कर्ष काढला की ते गुपचूप जागा बघायला जातात, बहुतेक खाडीपलीकडे स्वस्तातली खोली, आणि दोरा कपडे वाळत घालायला. आमच्या कोर्टात इतका ढिसाळ निष्कर्ष कुणी काढला असता तर मी मनात हसले असते. पण भीती वाटत असली की माणूस पुरावा आपल्याला हवा तसा नाही, नको तसा वाचतो.

मी विचारलं मात्र नाही. पौर्णिमेपर्यंतची मुदत त्यांनी मागितली होती, ती मला मोडायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर उत्तर ऐकायचं नव्हतं. सकाळी उठल्यावर स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं आपटतंय याची मला सवय झाली होती. रात्रीच्या आमटीत मीठ कमी आहे हे सांगणारं कुणी घरात असावं असं मला वाटायला लागलं होतं. नऊ वर्षं मी मीठ कमी खात होते की काय कोण जाणे.

पौर्णिमेच्या सकाळी बाबांनी पांढरा सदरा घातला, आम्ही दोघांनी वंदना म्हटली आणि खिरीला बसलो. पातेलं त्यांनी मोठं घेतलं. मी म्हटलं, एवढं कशाला? ते म्हणाले, ढवळ, खाली लागेल. खीर निवल्यावर त्यांनी डोंबिवलीची जुनी किटली भरली, टॉवेलात गुंडाळली आणि आल्या दिवशी आणलेल्या त्याच बॅगेत ठेवली. मी ओट्याकडे तोंड करून उगाच धुतलेले चमचे पुन्हा धुवायला लागले.

तेवढ्यात त्यांनी माझ्या बाजूला आणखी एक किटली ठेवली, नवीकोरी, झाकणावर अजून दुकानाचं लेबल असलेली. ती काठोकाठ भरलेली होती.

"ही तू चारला पोचव. खाडीकडे सरळ उतरत जा, गावात देवळाच्या पुढे मासळी वाळत घातलेली दिसेल, तिथे एक मावशी चहा करतात. मी डोंबिवलीहून साडेसहापर्यंत येतो, पण त्यांची वेळ चारची आहे."

एवढं बोलून ते गेले. मी लेबल काढत बसले.

चारला मी किटली घेऊन उतरले. आमच्या टॉवरच्या मागे पंधरा मिनिटांवर कोळ्यांचं एक जुनं गाव आहे हे मला नऊ वर्षं खिडकीतून दिसत होतं. तिथे पाय मी पहिल्यांदा ठेवला. बांबूंवर बोंबील वाळत होते. एका घराच्या पडवीत स्टोव्ह, त्यापुढे दोन बाकडी, आणि सावलीत तीन म्हातारे जाळी शिवत बसले होते. नायलॉनचा दोरा. मला माझीच लाज वाटली.

मावशी साठीच्या पुढच्या, हातभर बांगड्यांच्या आणि भरभर बोलणाऱ्या. किटली बघूनच त्यांनी मी कोण ते ओळखलं आणि मला बसवलं. मग बाबा तिथे कसे आले ते त्यांनी सांगितलं, आणि जाळी शिवणारे तिघं मध्येमध्ये हसत राहिले.

पहिल्या दिवशी बाबा आले आणि बाकड्यावर बसले. बोलले काहीच नाहीत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात घडी केलेला कागद. तो कागद म्हणजे औषधांची यादी होती, पण मावशींना काय ठाऊक. त्यांना वाटलं, सर्व्हेला आलेला सरकारी माणूस आहे, पडवी किती पुढे आली ते मनात मोजतोय. अर्धा तास झाला तरी माणूस हलेना. शेवटी मावशींनी भीत भीत चहाचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. साखर हात राखून घातली, कारण एवढे अंगाने बारीक साहेब म्हणजे डायबिटीसच असणार. बाबांनी एक घोट घेतला आणि, मावशींच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांचे डोळे भरून आले.

"मी म्हटलं, सायेब रडतंय, आता नक्की घर तोडतील," मावशी म्हणाल्या.

न मागता, ग्लासात, अर्ध्या साखरेचा. बाबांना वाटलं असणार की पृथ्वीवर आणखी एक शहाणी जागा आहे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. भीतीपोटी मावशींनी पुन्हा चहा ठेवला, सोबत दोन कडक बटर. चौथ्या दिवशी ते जाळ्याची गाठ कशी मारतात ते शिकायला बसले तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की हा सरकारी माणूस नाही. पण तोवर चहा ठरून गेला होता. आता गावात त्यांना 'कंपनीवाले' म्हणतात आणि त्यांच्या गाठी सुटतात अशी तक्रार आहे.

मी हसत होते, पण मनात एकच प्रश्न होता. तो मी विचारला. ते डोंबिवलीला परत जाणार असं काही बोलले का?

जाळीवाल्यांपैकी एकाने वर न बघताच सांगितलं, "नाय गो. तीन वर्सं हाय बोललाय. पावसाला सरला का त्याला होरीत न्यायचाय."

म्हणजे होडीत बसायचंही ठरलं होतं. हे त्यांना कधीपासून माहीत, असं विचारलं तर म्हणाले, दुसऱ्या आठवड्यापासून. अख्ख्या गावाला माहीत होतं आणि सख्ख्या मुलीला खिरीच्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवलं होतं. मला राग आला, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की मी बाकड्याला पाठ टेकली.

तेवढ्यात मावशींनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी सवयीने तोंड उघडलं, साखर नको होती. मावशींनी हातानेच थांबवलं. "पी गो. बिनसाखरेचाच हाय. तुज्या बापसाने सांगून ठेवलंय, पोरगी कवा ना कवा येल, तिला गोड देव नका."

मी तो चहा प्यायले. चहा कडक होता आणि त्याला थोडा स्टोव्हचा वास होता. मग मावशींनी खीर वाटायला घेतली आणि गोड जरा कमी आहे असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं.

सव्वासहाला बाबा आले. रिकामी बॅग खांद्याला, आत किटली वाजत होती. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली आणि आपल्या जागेवर बसले. लगेच त्यांचा ग्लास आला. त्यांनी माझ्या रिकाम्या ग्लासाकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे.

मग घसा साफ करून म्हणाले, "मावशी, हिला अजून एक द्या."

जाळी शिवणाऱ्यांनी हात थांबवून वर बघितलं. मी सत्तेचाळीस वर्षांत बाबांना कुठेही तोंडाने चहा मागताना पहिल्यांदा ऐकलं. मावशींनी दुसरा ग्लास भरला आणि मी तोही प्यायले.